पाच तोळ्यांची गोळी

दौंड तालुक्यात एकही हत्ती नसावा, हा निसर्गाने माझ्या मामेसासऱ्यांवर केलेला ढळढळीत अन्याय होता. खुटबावला त्यांचा ऊस, आणि माजघरातल्या कपाटात हत्ती मारायची दुनळी रायफल! कुणा संस्थानिकाने खूश होऊन त्यांच्या वडिलांना दिलेली. काडतुसं संपत संपत एकच उरलेलं. पण काय काडतूस! अंगठ्याहून जाड, पिवळंधमक. घरी आलेल्याला पाणी नंतर, आधी तळहातावर ते ठेवायचं. "निस्ती गोळी पाच तोळ्यांची हाय! पोलिसाच्या थ्री-नॉट-थ्रीच्या तिप्पट ताकद!" माझ्या मेव्हणीच्या लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्यांनी "पाच तोळे" म्हणताच मामा आनंदाने ओरडले, "म्हंजी आमची एक गोळी!" बैठक मोडता मोडता राहिली.

आमच्या शिरूरकडे उसात बिबटे दिसू लागले तेव्हा मी मोठ्या आशेने त्यांच्याकडे गेलो. मामा दुखावले. "जावईबापू, मांजरावर हे? आवो, पंचनाम्याला मिशी तरी उरंल का?" पुढे एकदा गावात खराच हत्ती आला, भिक्षा मागणाऱ्या गोसाव्याचा. मामा त्याच्या कपाळाकडे इतक्या मायेने बघत राहिले, की गोसावी कासावीस झाला. "भिऊ नगा, निस्ता अंदाज घेतोय," म्हणत मामांनी हत्तीला उसाची अख्खी मोळी चारली.

ते काडतूस वाजवणं मात्र त्यांच्या जिवावर येई. लहानपणी वडिलांच्या तोंडून त्या आवाजाची वर्णनं ऐकलेली. तो आवाज आपल्या कानांनी एकदा ऐकायचा, एवढीच त्यांची इच्छा. पण ऐकला की संपला! दर दसऱ्याला रायफलीची पूजा व्हायची आणि बार पुढच्या दसऱ्यावर जायचा. तोवर मामांचे कान गेले. मशीन लावायला तयार नाहीत. "त्या आवाजापुरतं कान हायती मला," म्हणायचे. अखेर परवाना पुढे चालवायला मुलगा नाही म्हणाला, रायफल ठाण्यात जमा करायचं ठरलं, आणि त्या दसऱ्याला मामांचा नाइलाज झाला.

अर्धं गाव मळ्यात लोटलं. समोर मुरमाचा उंच बांध, मामांच्या मागे गादी धरून मी आणि त्यांचा मुलगा. मामी देव आठवत होत्या. मामांनी चाप ओढला आणि, अहाहा! विहिरीवरचा पत्रा थरथरला, बगळ्यांचा थवाच्या थवा उठला, म्हशींनी दावी तोडली, आणि मामा, मी, मुलगा, गादी सगळे एका ढिगात!

मामा उठले. डोळे लकाकत होते. आम्ही टाळ्या वाजवत होतो. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. मग माझा हात धरून हळूच म्हणाले, "धक्का बसला, जावईबापू. आवाज कसा झाला?"

मी त्यांच्यासमोर बसून हातवारे करून, तोंड मोठं करून सगळं सांगितलं, आणि मामा माझ्या ओठांकडे टक लावून बघत राहिले. पुढे खुटबावला गेलो की चहाच्या आधी तेच. "सांगा!" मीही कंजुषी केली नाही. वर्षभरात तो आवाज दौंड स्टेशनापर्यंत पोचवला.

शेवटच्या भेटीत मामा अंथरुणावर होते. त्यांनी काही विचारलं नाही, तरी मी आपणहून सुरुवात केली. त्यांनी हाताने मला थांबवलं, माझा तळवा स्वतःच्या उजव्या खांद्यावर दाबून धरला.

"आवाज ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "हितं अजून दुखतंय बगा. लई झाक दुखतंय."

मी कितीतरी वेळ हात तिथून काढला नाही.