इथं काही नाही, ओव्हर

डोरीन हार्करला नवऱ्याचा खोटं बोलण्याचा आवाज पाठ होता. खरं बोलण्याचा आवाज तेवढा ओळखीचा नव्हता, कारण तो तिच्या वाट्याला फारसा आलाच नाही. मासेमारीच्या ट्रॉलरच्या स्किपरशी, म्हणजे कप्तानाशी, लग्न केलेल्या बाईच्या वाट्याला नवरा येतो तो तीन आठवड्यांनी तीन दिवस, आणि त्यातले दोन तो पबमध्ये असतो. उरलेल्या एका दिवसात काय खरं नि काय खोटं बोलणार?

पण इंग्लंडमधल्या हल बंदराच्या हेसल रोडवरच्या बायकांनी त्यावर उपाय काढला होता. घरातल्या साध्या रेडिओचा काटा अगदी टोकाला नेला, की खरखरीतून ट्रॉलरवाल्यांची आपापसातली बोलणी ऐकू यायची. आइसलंडपाशी वादळात उभे असलेले पुरुष एकमेकांना शिव्या घालायचे आणि इकडे बायका इस्त्री करता करता कान देऊन ऐकायच्या. ऐकता यायचं, बोलता मात्र यायचं नाही. लहानगी लॉरेन तापाने फणफणली होती त्या हिवाळ्यात डोरीनचा नवरा विल्फ रेडिओवर कुणाला तरी सांगत होता, "घरी सगळं झकास आहे." डोरीन इस्त्री आपटून त्या डब्याला म्हणाली, "झकास कसलं रे, पोर भाजतंय इथं!" डबा खरखरत राहिला.

रेडिओवर सगळे स्किपर खोटं बोलत. मासा लागला की कोण कशाला सांगेल? जाळं फाटेस्तोवर कॉड मासा येत असला तरी सांगायचं, "इथं काही नाही. दोन टोपल्या, त्याही कचरा. जरा पुढे सरकावं म्हणतो." दुसऱ्या स्किपरांना विल्फचं खोटं कधीच ओळखता आलं नाही. डोरीनला स्वयंपाकघरात बसून ओळखता यायचं. विल्फ खरं बोलताना दर वाक्याला शिवी हासडायचा. खोटं बोलताना मात्र आवाज संथ व्हायचा, शिव्या गळायच्या, माणूस एकदम पाद्र्यासारखा सभ्य. तो असा सभ्य बोलला की डोरीन दुसऱ्याच दिवशी पोरीच्या कोटाचं कापड बघायला बाजारात जायची. जहाज भरून येणार हे तिला मालकांच्या आधी कळलेलं असायचं.

मग आइसलंडवाल्यांनी आपली मासेमारीची हद्द लांब नेली, ट्रॉलर भंगारात निघाले आणि विल्फ कॅरव्हॅनच्या कारखान्यात रखवालदार झाला. डोरीनला वाटलं, चला, आता तरी नवरा घरात आला. कसला येतोय? घरात आलं ते स्किपरचं सामान. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचं, समोरच्या भिंतीकडे बघायचं आणि चहा गार का म्हणून शिव्या द्यायच्या. ती बिचारी बोलून बोलून थकली. रेडिओ परवडला, त्यातून आवाज तरी यायचा.

गेल्या वर्षभरात मात्र विल्फ सुधारला होता. चहा दिला की "थँक यू, डोरीन" म्हणायचा. कुठे होतास विचारलं तर न चिडता सांगायचा, "जुना दोस्त भेटला होता, जरा बोलत बसलो." ब्रेड आणायला जाऊन दुपार करून यायचा, पण येऊन ओरडायचा नाही. डोरीन शेजारणीला सांगत सुटली होती, "म्हातारपणी का होईना, माणूस गोड झाला बघ." हे सांगताना तिचा चेहरा नव्या नवरीसारखा व्हायचा.

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून लेकीने, लॉरेनने, नॉर्वेची क्रूझ काढली. लेक-जावई आणि ही दोघं. समुद्रात मोबाइल चालत नाही म्हणून तिने चार वॉकी-टॉकी आणल्या होत्या, पिवळ्याधमक.

"आई, जहाज केवढं आहे माहितीये का? तुम्ही दोघं हरवलात तर मी कुठे शोधत बसू? हे बटण दाबायचं आणि बोलायचं."

"आणि बोलून झालं की ओव्हर म्हणायचं," डोरीन म्हणाली.

"आता कोणी नाही म्हणत तसं."

"मी म्हणणार."

विल्फने ते खेळणं हातात उलटसुलट करून पाहिलं आणि खिशात टाकलं. डोरीनने मात्र आपलं पर्समध्ये ठेवलं नाही, गळ्यात अडकवलं. जन्मभर त्याचं नुसतं ऐकलं होतं. आता त्याच पाण्यावर ती बटण दाबणार होती आणि त्याला उत्तर द्यावं लागणार होतं. एवढीच तिची हौस, पण पन्नास वर्षं जुनी.

जहाज सुटलं तेव्हा सगळी माणसं किनाऱ्याकडे बघून हात हलवत होती. डोरीनने हात कोटाच्या खिशात घट्ट धरून ठेवले. हेसल रोडची बाई हात हलवत नाही. हात हलवला की समुद्र माणूस घेऊन जातो.

"अगं आई, बाबा तुझ्या शेजारीच उभे आहेत!" लॉरेन हसली.

"असू देत," डोरीन म्हणाली.

पहिल्या दिवशी तिने लाजत लाजत बटण दाबलं. "विल्फ, कुठे आहेस? ओव्हर."

"कुठे असणार, च्यायला! पाण्यावर आहे. बारमध्ये बियर मुतासारखी आहे साली. तू कुठेयस?"

डोरीनला असं बरं वाटलं म्हणून सांगू! घसघशीत शिव्या घालून नवऱ्याने तिला विचारलं होतं, तू कुठेयस. ती कठड्याला टेकून किती तरी वेळ एकटीच हसत राहिली.

तिचं हे सुख जेवणाच्या टेबलावर संपलं. त्यांच्या टेबलाला शीला ब्रॅमली नावाची हॅरोगेटची एक विधवा होती. केस कालच सेट केलेले, ओठ लालभडक, आणि विल्फ तोंड उघडायच्या आत हसायला तयार. घरी ज्याच्या तोंडातून शब्द ओढून काढावा लागायचा तो हा माणूस तिच्यापुढे आइसलंडचं बर्फ, दोरांवर साचलेलं, कुऱ्हाडीने फोडलेलं, सगळं सांगत बसला. त्यातलं अर्धं डोरीनलाही नवीन होतं. ती बटाटे चिवडत ऐकत होती.

"तुमचं नशीब हो," शीला तिला म्हणाली. "असा नवरा!"

"हो ना," डोरीन म्हणाली. "कधीतरी घेऊन जा."

तिसऱ्या दिवशी दुपारी विल्फ चक्कर मारायला म्हणून गेला तो आलाच नाही. डोरीन चहाचा कप घेऊन लाउंजमध्ये बसली होती. तिने बटण दाबलं. जरा वेळाने उत्तर आलं.

"वरच्या डेकवर आहे, डोरीन. हवा छान आहे. इथं काही नाही. मी जरा पुढे सरकतो. तू येण्याची तसदी घेऊ नकोस."

डोरीनचा कप ओठांपाशीच थांबला. खरखरीतून आलेला तो संथ, सभ्य आवाज. एक शिवी नाही. तिला क्षणात स्वयंपाकघर आठवलं, इस्त्रीचा वास आठवला. मासा लागलाय मेल्याला! तिने लाउंजभर नजर फिरवली. शीला ब्रॅमलीची खुर्ची रिकामी होती.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पन्नास वर्षं कपडे धुतले, पोर वाढवली, वादळाच्या रात्री काढल्या, आणि हा आता या वयात लाली लावलेल्या बाईमागे? बरं, जायचं तर जा, पण माझ्याच क्रूझवर? पर्स काखेत मारून ती निघाली. वरचा डेक गाठला. तिथे ब्लँकेटात गुंडाळलेले दोन जर्मन म्हातारे सोडले तर कुणी नव्हतं. बार पाहिला, वाचनालय पाहिलं. पाय भरून आले तरी थांबली नाही. हातात काय सापडेल ते त्या बाईच्या डोक्यात घालायचं, एवढं ठरलेलं होतं.

शीला ब्रॅमली बिंगोच्या हॉलमध्ये सापडली. एकटी. चष्मा नाकावर, पुढ्यात कार्डं.

"विल्फ? नाही बाई. जेवणानंतर दिसलेच नाहीत," ती म्हणाली आणि खोटं न बोलणाऱ्या बाईसारखी पुन्हा आकड्यांत बुडाली.

डोरीन चक्क हिरमुसली. एवढा चढलेला राग ठेवायचा कुठे? गुडघे दुखत होते. खोलीवर जाऊन पडावं म्हणून ती लिफ्टने खाली आली. खालचे सगळे बोळ सारखेच, तोच गालिचा, तीच दारं. चालता चालता तिने शेवटचं म्हणून बटण दाबलं.

"विल्फ. खरं सांग, कुठे आहेस? ओव्हर."

"वरच आहे, डोरीन. इथं काही नाही."

आवाज तिच्या छातीवरच्या यंत्रातून आला आणि त्याच वेळी कोपऱ्यापलीकडूनही आला.

तिने वाकून पाहिलं. लांबलचक बोळात विल्फ उभा होता. एका हातात ती पिवळी वॉकी-टॉकी, दुसऱ्या हातात खोली उघडायचं कार्ड. त्याने एका दारात कार्ड घातलं. लाल दिवा लागला. तो दाराला हळूच "सॉरी" म्हणाला. मग पुढच्या दारापाशी गेला. तिथे घातलं. मग पुढच्या. घाई नव्हती, चिडचिड नव्हती. आधीही बरीच दारं करून आलेला माणूस करतो तसं चाललं होतं. त्यांची खोली या बोळात नव्हतीच.

दोरीला बांधलेलं शिसं तळाशी सोडून त्याला चिकटून आलेली रेती नुसती बघून जहाज कुठे आहे ते सांगणारा हा माणूस. डोरीन भिंतीला टेकली. आणि मग एकेक करून सगळं तिच्या अंगावर आलं. जुना दोस्त भेटला होता. ब्रेड आणायला गेलेला, दुपार झाली. थँक यू, डोरीन. वर्षभर तो घरात त्याच आवाजात बोलत होता आणि जिला तो आवाज पाठ होता, ती शेजारणीला सांगत फिरत होती की माणूस गोड झाला. समोर बसून ओळखता आलं नाही तिला. पुन्हा डब्यातून ऐकावं लागलं तेव्हा कळलं.

बाई असती तर किती बरं झालं असतं! बाईच्या झिंज्या उपटता येतात. नवऱ्याला शिव्या देता येतात, घराबाहेर काढता येतं, वर्षाने परत घेता येतं. या विसरण्याशी कोणी नि कसं भांडायचं? समुद्राने तरुण विल्फ घेतला, खिडकीपाशची खुर्ची म्हातारा विल्फ घेऊन बसली, आणि आता उरलंसुरलंही जाणार. तिला त्याचा भयंकर राग आला. मला सांगितलं का नाहीस? मी कोण होते, दुसऱ्या ट्रॉलरचा स्किपर? तुझा मासा चोरणार होते मी?

पुढे जाऊन त्याचा दंड धरावा असं वाटलं. पण तो वळून बघेल तेव्हा त्याचा चेहरा कसा होईल ते तिला बघायचं नव्हतं. ती कोपऱ्यामागे सरकली आणि बटण दाबलं.

"विल्फ, मी हरवले रे. आपली खोली सापडत नाही मला. खालच्या बोळात जिन्यापाशी उभी आहे, भिंतीवर शिडाच्या जहाजाचं चित्र आहे. भीती वाटतेय. मला घ्यायला ये. ओव्हर."

ती यंत्र कानाशी धरून ऐकू लागली.

"च्यायला, डोरीन!" यंत्र दणदणलं. "एवढी मोठी बाई, तुला जहाजात फिरता येत नाही? जागची हलू नकोस. आणि बोलत राहा, बोलत राहिलीस तर सापडशील."

ती बोलत राहिली. काय बोलली ते तिलाही ठाऊक नाही. चहाचं, पावाचं, लॉरेनच्या त्या तापाचं. आवाजाच्या रोखाने तो कोपऱ्यावरून आला, लालबुंद आणि खूश. तिने त्याच्या दंडात हात घातला आणि "कुठल्या बाजूला रे?" असं विचारत कोपराने ढोसत ढोसत त्याला खोलीपर्यंत नेलं.

रात्री जेवताना विल्फने ती गोष्ट टेबलावर रंगवून सांगितली. शिडाच्या जहाजाच्या चित्राखाली उभी, रडवेली, आणि मी नसतो तर आइसलंडला पोचली असती साली! शीला ब्रॅमली डोळे पुसेपर्यंत हसली. जावई हसला. लॉरेन हसली नाही. ती आईकडे वाकली.

"आई, हसण्यावारी नेऊ नकोस. परवा लिफ्टमध्ये पण तू चुकीच्या मजल्यावर उतरलीस, बाबा म्हणत होते. हल्ली विसरायला होतं का तुला? खरं सांग."

लिफ्टमध्ये डोरीन चुकलीच नव्हती. तिच्या जिभेवर सगळं आलं. वर्षभराचं, पन्नास वर्षांचं. तिने मान वर केली. टेबलापलीकडे विल्फचं हसणं थांबलं होतं. काटा तसाच हातात धरून तो तिच्या तोंडाकडे बघत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो तिचं बोलणं ऐकायला थांबला होता.

"हो गं, लॉरेन," डोरीन संथपणे म्हणाली. "हल्ली होतं खरं तसं. तुला काळजी वाटली, आभारी आहे मी तुझी."

घरी गेल्याबरोबर डॉक्टरांची वेळ घेते, लॉरेन म्हणाली. विल्फने काटा खाली ठेवला आणि बटाटे इकडे सरकवा म्हणाला.