स्वयंपाकघराच्या दारातली बाई

सांगू का नको, सांगू का नको, करत इतके दिवस गेले. नवऱ्याला सांगितलं नाही, आईला नाही. देवळात हात जोडतानासुद्धा एवढी एक गोष्ट मनातल्या मनात वगळून मी पुढं जाते. आज तुम्हाला सांगतेय — मध्येच थांबेन कदाचित.

आमचं घर जैनांचं, सांगलीजवळ नदीकाठच्या गावात. ऊस आहे, आणि सांगलीच्या बाजारात हळदीचं दुकान. आमच्यात धान्य निवडणं म्हणजे नुसते खडे काढणं नव्हे. जीव मरायला नको म्हणून दाणा न् दाणा बघायचा. चातुर्मासात गावात मुनी महाराज आले की त्यांच्या आहारासाठी चौका लागतो — वेगळं, सोवळ्यातलं स्वयंपाकघर. त्या चौक्यातलं धान्य निवडायला बोलावणं यायचं ते माझ्या सासूबाईंना. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. काय नजर होती बाईंची! मी निवडलेली डाळ चारचौघींसमोर परातीत पुन्हा पसरायच्या, एखादी अळी बोटावर धरायच्या आणि म्हणायच्या, "पद्मे, डोळं हायत का बटनं? वडूजकडं असंच खात्यात व्हय?" माझं माहेर वडूजचं, दुष्काळी भागातलं. बायका हसायच्या. मला राग यायचा — लय राग यायचा, खोटं कशाला बोलू?

मग एका उन्हाळ्यात आत्तींचं काहीतरी बिनसलं. केस विंचरायला फणीऐवजी किसणी उचलली. डाळीची परात पुढ्यात घेऊन नुसत्या बघत बसायच्या, मग बोटांनी चाचपायच्या, वास घ्यायच्या, तेव्हा कुठं म्हणायच्या, "हरभऱ्याची हाय की." चष्म्याचा नंबर तपासून आणला, तो बरोबर निघाला. एकदा गॅसपाशी मला हळूच म्हणाल्या, "पद्मे, दिसतंय सगळं गं. पर काय हाय त्येच कळत न्हाई." किती घाबरल्या होत्या! मला ते ऐकू येत होतं. मी म्हणाले, वयानं होतंय, आत्ती. आणि आतून — आतून मला बरं वाटलं.

पण कबूल करायचंय ते हे नाही.

पुढं पुढं त्या माणसंही ओळखेनात. आवाज आला की ओळखायच्या, तोवर नुसत्या बघायच्या. असं कुठं असतं? का नाटक करतात? मला बघायचं होतं. एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. त्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मी बहिणीनं दिलेली कोरी साडी नेसले, त्यांनी कधीच न बघितलेली. बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत वर सारल्या. आणि दारात जाऊन उभी राहिले. बोलले नाही.

"कोन हाय?" त्या माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या. मी गप्प. "कोन गं बाई तू? बोल की!" मी गप्पच. त्या उठल्या, मागं सरकत गेल्या, पाठ फळीला लागली, डबा पडला, डाळ सगळीकडं सांडली.  आणि मग माझ्याच डोळ्यांत बघत त्या किंचाळल्या, "पद्मे! अगं पद्मे, धाव! घरात कोन शिरलंय बघ!"

मी मागं फिरले. आतल्या खोलीत साडी बदलली, बांगड्या खाली ओढल्या आणि धावत आल्यासारखी आले. काय झालं, आत्ती? त्यांनी माझं मनगट असं आवळलं की एक बांगडी पिचली.

आता मला पक्कं माहीत होतं, हे डोळ्यांचं नाही, वयाचंही नाही. हे दिवसभर दुकानात, घरात यायचे ते हाक मारतच, यांच्या ध्यानात काही आलं नव्हतं. त्याच दिवशी यांना सांगायला नको होतं का? पण यांनी विचारलं असतं, तुला कसं कळलं? तेवढ्यासाठी गप्प बसले. हो, तेवढ्यासाठी.

चातुर्मास आला. चौक्यातले तांदूळ आत्तींनीच निवडले, बोटांनी चाचपून. मी पुन्हा बघायला हवे होते, बघितले नाहीत. महाराज उभ्यानं, ओंजळीत आहार घेत होते. दुसऱ्याच घासाला भातात मेलेला किडा निघाला. आमच्यात याला अंतराय म्हणतात. महाराजांनी ओंजळ सोडली. आता दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा नाही. आत्ती जागच्या जागी खाली बसल्या. माझंच पाप, म्हणाल्या, आणि प्रायश्चित्त म्हणून दिवसाआड उपवास धरला. सकाळी डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या. सगळे म्हणायचे, उपासानं पित्त झालंय. मीही म्हणायचे. लिंबूपाणी द्यायचे आणि त्यांच्याकडं बघायची भीती वाटायची, या बाईला काहीतरी मोठं झालंय म्हणून. दिवाळी झाली, संक्रांत झाली. मी भीत राहिले आणि गप्प राहिले.

मग एका सकाळी त्यांना फेफरं आलं. मिरजेला दवाखान्यात नेलं, एमआरआय केला. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत. दिसलेलं ओळखायचं काम मेंदूच्या मागच्या भागात चालतं, तिथं गाठ आहे. ओळखायला त्रास कधीपासून होतोय? यांनी माझ्याकडं बघितलं.  मी म्हणाले, आठ-पंधरा दिवस झाले असतील.

गाठ काढली. आत्ती वाचल्या. पण माणसांची तोंडं काही परत आली नाहीत. गाठ लहान असतानाच आणलं असतं तर कदाचित, एवढंच डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

आता आमच्या घरात कुणीही खोलीत शिरताना आधी बोलतं — "मी हाय, आत्ती." कुणी विसरलं की त्या घाबरून मलाच हाक मारतात. कुणी भेटायला आलं की ती दुपार सांगतात. एक बाई घरात शिरली होती, पद्मी धावली म्हणून वाचले. बायका माझ्याकडं कौतुकानं बघतात.

परवा एकीनं विचारलं, दिसायला कशी होती हो ती?

 आत्ती म्हणाल्या, "तोंड न्हाई बाई ध्येनात. तोंडं मला कुठं कळत्यात? पर एक कळलं हुतं. ती हसत हुती."

मी चहाचे कप घेऊन तिथंच उभी होते. मघाशी तुम्हालाही मी एवढं सांगितलं नव्हतं. हसत होते मी.