आत्याने तपासलेला पेपर

"तुमच्या पोरीला वाचा हाय का न्हाई, माय?" शेजारच्या खोलीतल्या उदगीरच्या काकू जिन्यात आत्याला विचारत होत्या.

"हाय की," आत्या म्हणाली. "पण ती पेपरात बोलती."

मी दाराआड रिकामी बादली घेऊन उभी होते. पाणी भरायचं होतं, पण तेव्हाच बाहेर पडले असते तर मी ऐकलं हे दोघींना कळलं असतं. म्हणून काकू आपल्या खोलीत जाईपर्यंत तशीच थांबले. मग बाहेर आले आणि नळाखाली बादली लावली. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि नळ सोडला. लातूरला येऊन आम्हाला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

मी नांदेडची. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दहावी केली. पप्पा बिलोली तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, नांदेडहून रोज अपडाऊन करणारे. अकरावी सायन्सला लातूरला जायचं हे माझी दहावी व्हायच्या आधीच ठरलेलं होतं. खरं तर नांदेडलाही क्लासेस कमी नाहीत. लातूरची मुलं तिथे येऊन राहतात आणि नांदेडची मुलं लातूरला जातात. घरी राहून अभ्यास होत नाही यावर दोन्ही गावांचं एकमत आहे.

आईची नोकरी आणि धाकट्या बहिणीची शाळा नांदेडला, म्हणून माझ्यासोबत राहायला निलंग्याजवळच्या गावाहून आत्या आली. ती पप्पांची मोठी बहीण, पप्पा तिला अक्का म्हणतात. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली होती, दोन्ही मुलं पुण्याला कंपनीत. शेत बटईने दिलं, घराला कुलूप लावलं आणि एक गॅस, दोन पातेली, भाकरीचा तवा घेऊन ती ट्यूशन एरियातल्या एका खोलीत माझ्याबरोबर राहायला लागली.

त्या इमारतीत आठ खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत अभ्यास करणारी एक मुलगी आणि तिच्यासाठी रांधणारी एक बाई. कुणाची आई, कुणाची मावशी, एकीची तर चुलत वहिनी. बायका एकमेकींना गावानेच ओळखायच्या. उदगीरच्या, देगलूरच्या, गंगाखेडच्या. आत्या निलंग्याच्या. दुपारी आम्ही मुली क्लासला गेलो की त्या जिन्यात भाजी निवडत बसायच्या आणि बोलणं आमच्याच विषयांचं. फिजिक्सचा पेपर लांबडा होता, ऑरगॅनिकचे सर चांगले हायेत पण पळवतेत लई, असं सगळं. ऑरगॅनिक म्हणजे काय हे त्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं, पण कोणाच्या मुलीचं ते कच्चं आहे हे सगळ्यांना पाठ होतं.

दर रविवारी टेस्ट असायची, एकशे ऐंशी प्रश्नांची. प्रश्नपत्रिका घरी आणता यायची आणि त्यावर आम्ही आमची उत्तरं खूण करून ठेवायचो. दुपारपर्यंत क्लासवाले उत्तरांच्या यादीचा फोटो मोबाइलवर टाकायचे. त्याला सगळे अन्सर-की म्हणायचे. मग आम्ही जेवून आडव्या व्हायचो आणि आठ खोल्यांतल्या आठ बायका पेपर तपासायला बसायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. पोरीचं डोकं आधीच शिणलेलं, तिनेच कशाला पुन्हा तपासायचं, एवढाच विचार.

आत्या सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी अजिबात नाही. पहिल्या रविवारी तिने माझ्याकडून चार अक्षरं शिकून घेतली, ए, बी, सी, डी. एवढीच. पाचव्या अक्षराची तिला गरज नव्हती. तिने हरभऱ्याचे दाणे घेतले आणि दोन वाट्या पुढ्यात ठेवल्या. बरोबर उत्तराला उजव्या वाटीत दाणा, चुकलं की डाव्या वाटीत. शेवटी उजव्या वाटीतले मोजून चौपट करायचे आणि त्यातून डाव्या वाटीतले वजा करायचे. हा हिशोब ती तोंडी करायची आणि तिचा कधीच चुकला नाही. मी डोळे मिटून पडलेली असायचे आणि स्टीलच्या वाटीत दाणा पडला की आवाजावरून उजवी की डावी ते ओळखायचा प्रयत्न करायचे.

मला डॉक्टर व्हायचं आहे असं सगळ्यांना वाटायचं. त्यात त्यांची चूक नव्हती. नववीत बाईंनी वर्गात एकेकीला विचारलं होतं, तेव्हा माझ्या पुढच्या मुलीने डॉक्टर सांगितलं आणि मीही तेच सांगितलं. त्यावर पुढचा प्रश्न येत नाही, हे मला कळलं होतं. इंजिनियर म्हटलं की कुठलं, ते विचारतात. पालक सभेत बाईंनी ते पप्पांना सांगितलं आणि पप्पा इतके खूश झाले की नंतर काही बोलण्याची सोय राहिली नाही.

तरी पप्पांनी सावधपणे मला बायोलॉजी आणि गणित दोन्ही घ्यायला लावलं होतं. नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, मुलं गणिताच्या तासाला मागे बसून बायोलॉजी वाचायची. मी पुढे बसायचे. तिथे कोणी मला बोलायला लावत नव्हतं, फक्त फळ्यावर एकाखाली एक ओळ येत जायची आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीवर टेकलेली असायची. संध्याकाळी बायोलॉजीचे शंभर प्रश्न संपले की मी स्वतःला बक्षीस म्हणून इंटिग्रेशनची दोन गणितं द्यायचे. ती वही मी जाड पुस्तकाखाली ठेवायचे.

"हे कुठलं पुस्तक गं?" एकदा भाकरी थापता थापता आत्याने विचारलं. "ह्याच्यावर तू हसत असतीस."

मी म्हटलं, गणित. ती म्हणाली, बरं. आणि पीठ लावलं.

बारावीच्या जानेवारीत मोठी टेस्ट झाली. यावरून नीटचा अंदाज लागणार, असं सरांनी सांगितल्यामुळे अख्ख्या इमारतीत दोन दिवस कोणी मोठ्याने बोललं नव्हतं. मी पेपर देऊन आले, जेवले आणि झोपले. उठले तेव्हा आत्या गॅसजवळ पाठमोरी बसून धपाटे करत होती. धपाटे रविवारी सकाळी व्हायचे, संध्याकाळी कधीच नाही. ती माझ्याकडे पाहत नव्हती. हरभऱ्याचा डबा जागेवर होता, वाट्या धुऊन पालथ्या घातलेल्या.

किती आले, असं मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. तेवढ्यात पप्पांचा फोन आला आणि मला ऐकू येत होतं की आत्या खोटं बोलते आहे. चांगले हायेत, ती म्हणत होती. नेमके न्हाई मोजले, पण चांगले हायेत. पोरीला फोन देत न्हाई आत्ता, झोपली हाय ती. मी तिच्यासमोर धपाटा हातात घेऊन बसले होते.

ती भाजी आणायला गेल्यावर मी प्रश्नपत्रिका काढली. कॉपी होऊ नये म्हणून यावेळी प्रश्नांचा क्रम बदलून पेपराचे पी आणि क्यू असे दोन कोड काढले होते, माझा पेपर क्यूचा होता. मोबाइलवर दोन फोटो आले होते, एक पी कोडचा, एक क्यूचा. आत्याने पहिला उघडला होता. ए ते डी एवढंच येणाऱ्या बाईला पी आणि क्यूमधला फरक कोण सांगणार? एरवी एकच कोड असायचा. दुसऱ्याच कोडच्या उत्तरांनी माझा पेपर तपासून तिने सातशे वीसपैकी सत्तेचाळीस मार्क काढले होते. पेपराच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले होते आणि खोडले होते, तरी दिसत होते. मी बरोबर यादीने मोजलं. चारशे बत्तीस.

आत्या आली की तिला लगेच सांगायचं, असं मी ठरवलं. पण ती आली, भाजीची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, चल, गच्चीवर जाऊ जरा. ऊन उतरलं होतं. खाली ट्यूशन एरियातल्या सायकली आणि पाठीवर दप्तरं घेतलेली मुलं. आत्या कठड्याला टेकून बराच वेळ ते बघत राहिली.

"एवढ्या समद्यांनी डाक्टर होऊन मग पेशंट कोण व्हायचं?" ती म्हणाली.

मला हसू आलं. तीही थोडी हसली. मग पदराने हात पुसत, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुला काय करावं वाटतं गं? खरं खरं."

सतरा वर्षांत मला हे असं कोणी विचारलं नव्हतं. काय होणार, कितवा नंबर येणार, किती तास बसतेस, हे सगळं विचारून झालं होतं. उत्तर माझ्याजवळ तयार होतं आणि तरी मी म्हटलं, माहीत नाही. आत्याने मान हलवली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला याचंच मला वाईट वाटलं.

आणि पेपराचं खरंही मी सांगितलं नाही. दोन दिवस नाही. हे लिहायला अजून जड जातं. ते दोन दिवस मी सत्तेचाळीस मार्कांची मुलगी होते आणि मला फार हलकं वाटत होतं. आत्या मला अभ्यासाला बस म्हणत नव्हती. मी उघडपणे गणिताची वही घेऊन बसत होते. चुरमुरे भिजवून, फोडणी घालून केलेला सुशीला तिने माझ्यासमोर ठेवला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जसा आजारी माणसाच्या फिरवतात. तिची मात्र त्या दोन दिवसांत झोप गेली होती, हे मला नंतर उदगीरच्या काकूंकडून कळलं.

तिसऱ्या दिवशी क्लासच्या भिंतीवर यादी लागली. काकूंनी जिन्यातूनच हाक मारून माझे मार्क सांगितले. आत्याने ते दोनदा विचारून घेतले. मग खाली बसली आणि रडली, मग हसली, मग तिनेच आठही खोल्यांत जाऊन स्वतःची फजिती सांगितली. म्हशीचं दूध काढायला गेले अन् शेजारणीच्याच म्हशीखाली बसले, असं ती सांगत होती आणि बायका हसून लोळत होत्या. मला हे आधीच माहीत होतं का, ते तिने विचारलं नाही. एकदा नुसतं पाहिलं. गच्चीवरचा प्रश्नही तिने पुन्हा काढला नाही.

नीटला जेवढे लागतात त्यापेक्षा मला बरेच कमी मार्क पडले. सरकारी कॉलेज मिळण्यासारखे नव्हते. बोर्डात गणितात मात्र सत्त्याण्णव. निकालानंतर चार दिवसांनी पप्पा पहिल्या गाडीने लातूरला आले, इस्त्रीचा शर्ट घालून, रजा टाकून. रिपीटर बॅचचा फॉर्म त्यांनी येतानाच क्लासमधून घेतला होता. त्यांच्या शाळेतल्या पोरांच्या आया त्यांना दोन वर्षं विचारत होत्या, गुरुजी, तुमची पोरगी डॉक्टर होऊन कधी येणार. ते सांगत होते, येईल, येईल.

ते माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. मला म्हणाले, एका वर्षाचा तर प्रश्न आहे, पुष्कळ जण करतात, दुसऱ्या वर्षी दीडशे मार्क सहज वाढतात. चटईवर बसून त्यांनी चष्मा लावला आणि फॉर्म भरायला घेतला. त्यांचं अक्षर फार सुंदर आहे, फळ्यावरचं असतं तसं. माझं नाव त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं. जन्मतारीख लिहिली. मग सहीच्या जागेवर बोट ठेवून पेन माझ्यापुढे केला.

मी पेन घेतला नाही. त्यांना वाटलं माझं लक्ष नाही.

"अक्का, तूच सांग हिला," ते म्हणाले. "तुझं ऐकते ती."

आत्या तांदूळ निवडत होती. दोन वर्षं दुकानात, दवाखान्यात, क्लासच्या ऑफिसात माझ्या वाटचं तीच बोलत आली होती. यावेळी तिने सूप बाजूला ठेवलं, जिन्यातल्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून उठून दार लोटून घेतलं.

"मी काय सांगू," ती म्हणाली. "मला चारच अक्षरं येतेत. तिला विचार की."

पप्पांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर थकवा होता, पहाटे उठल्याचा. मला वाटलं, सही करून टाकावी. एक वर्षच तर आहे. मग मी फॉर्मवरचं माझं नाव पाहिलं, इतकं जपून लिहिलेलं, आणि वाटलं की आणखी एक वर्ष हा माणूस माझ्यामुळे लोकांना खोटं सांगत राहील आणि त्याला ते माहीतही नसेल.

माझा आवाज मलाच लहान वाटला, पण तो निघाला.

"पप्पा, मला डॉक्टर व्हायचं नाही. मला गणितात बी.एस्सी. करायचंय. हे मला अकरावीतच कळलं होतं, तुम्हाला सांगितलं नाही, ते माझं चुकलं."