मॅन्युअलकाकांची पानं

मॅन्युअलकाकांनी आयुष्यात प्रोग्रॅमची एक ओळ लिहिली नव्हती. पण शिकणारा नेमका कुठे अडेल, हे त्यांना ठाऊक असे. जालन्यात बसस्थानकाजवळ त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. प्रोग्रॅमिंगची इंग्रजी पुस्तकं आम्हा विद्यार्थ्यांना परवडत नसत. काका इंटरनेटवरची मोफत मॅन्युअलं उतरवून घेत आणि स्वस्तात छापून देत, पण अख्खं मॅन्युअल कधीच नाही. "सातशे पानं नेऊन गादीखाली ठेवशील," ते म्हणायचे. "अडलंय कुठं ते सांग. तेवढीच ने."

वाचून झालेले गठ्ठे ते पुन्हा बघायला मागत. समासात कुणी काही खरडलेलं असलं, की पुढच्याला त्याच पानांची झेरॉक्स मिळे. माझ्या पहिल्या गठ्ठ्यात कुणा अनोळखी मुलानं लिहिलं होतं, 'इथं मी दोन दिवस अडकून राह्यलो. शेवटचा कंस बघ.' मी बघितला. माझाही तोच राहिला होता.

शेवटच्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीची मुलाखत आली. नोकरी लागली नाही तर खोली सोडून गावी, हसनाबादला परतायचं, असं घरी ठरलं होतं. मला डेटाबेसचं पूर्ण मॅन्युअल हवं होतं. काकांनी साठ पानं निवडून दिली. "एवढं बराबर वाच. बाकीचं कुणी विचारत न्हाई."

मुलाखतीत बाकीचंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "तुम्हाला यातलं काही कळत न्हाई, काका. मंग सांगता कशाला?"

त्यांनी चालू मशीन थांबवलं. "माझं चुकलं, बाई," एवढंच बोलले आणि सगळं मॅन्युअल छापायला घेतलं. तीन गठ्ठे झाले. पैसे घेईनात. मी गठ्ठे उचलले आणि बाहेर पडले.

गावी बसून मी ते तिन्ही गठ्ठे वाचले. त्यांच्याच जोरावर दोन महिन्यांत पुण्यातल्याच दुसऱ्या कंपनीत नोकरी लागली. पुण्याला निघाले त्या दिवशी दुकानासमोर रेंगाळले. आत गर्दी होती. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. पुढच्या खेपेला लाज वाटली, आणि मग वर्षं गेली.

गेल्या महिन्यात काका गेल्याचं कळलं. घरी भेटायला गेले. काकूंनी चहा ठेवला, गाव विचारलं. हसनाबाद म्हणताच माझ्याकडे बघत राहिल्या.

"तू ती पोरगी का? हसनाबादचं कुणी दुकानात आल्तं, की विचारायचे, त्या पोरीला लागली का नोकरी. कुणाला माहीतच न्हाई."

"लागली, काकू. त्याच वर्षी."

काकूंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"मंग त्यांनाच सांग," त्या म्हणाल्या, आणि चहा बघायला आत गेल्या.