व्हय म्हाराजाची जागा

गिरणी बंद पडल्यावर धाकू परबांनी वॉचमनकी केली, भाजीची गाडी लावली आणि शेवटी एका शाळेतून शिपाई म्हणून रिटायर झाले. कांदिवलीच्या त्यांच्या बिल्डिंगीत एरवी त्यांना कोणी काही विचारत नसे. गणपतीत मात्र त्यांच्याशिवाय पान हलत नसे. आरतीनंतर मालवणीत गाऱ्हाणं घालावं ते त्यांनीच. ते देवाकडे एकेक मागणं मागत आणि घरभर जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला ओरडत, “व्हय म्हाराजा!”

यंदा चतुर्थीच्या तोंडावर त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर बोलायला बंदी घातली.

“दुसरो कोणतरी घालीत गाऱ्हाणा,” बायको विमला म्हणाली. धाकूंनी समोरचं ताट सरकवलं.

सून रुचिराला तेव्हा आठवलं. गेल्या वर्षी सासरे एकटेच आरशासमोर तालीम करत होते, ती तिने गुपचूप रेकॉर्ड केली होती. सुरुवातीला कुकरच्या शिट्ट्या होत्या, शेवटी विमलाचा ओरडा.

“मधलं तेवढं ठेवते, बाबा. पुढचं-मागचं उडवते.”

लॅपटॉपवर तिने एक मोठं सॉफ्टवेअर उतरवलं. त्यात बटणंच बटणं. एक पट्टी जरा सरकली आणि धाकूंचा आवाज बायकी झाला.

“ही कोण गो बया?” विमलाने विचारलं.

मग फोनवर एक ॲप. ते रिकाम्या जागा आपोआप काढून टाकत होतं. रुचिरा खूश! फाइल निम्मी झाली, आवाज झकास. तिने लावून दाखवली. “बा गणराया म्हाराजा, पोराबाळांका सुखात ठेव रे म्हाराजा,” आणि विमला सवयीने “व्हय म्हा—” म्हणेपर्यंत पुढचं मागणं सुरू. तिसऱ्याला तर तिला श्वासही घेता येईना. धाकू दोन्ही हात हलवत सुटले.

“अगं बाई,” रुचिरा म्हणाली, “त्या जागा आपल्या होत्या ना! आपण ओरडायच्या!”

तिसरं ॲप अगदीच साधं निघालं. दोन टोकांना दोन दांड्या, मध्ये एक कात्री.

“बाकी काय येता त्येका?”

“काही नाही, आई.”

“मग ह्याच बरा,” म्हणून विमला दुर्वा आणायला गेली.

रुचिराने पुढच्या शिट्ट्या कापल्या. मागची दांडी ती विमलाच्या ओरड्यापाशी आणत होती, तोच धाकूंनी तिचं मनगट धरलं. मान हलवली आणि डोळे मिचकावले.

चतुर्थीला आरती झाली. स्पीकरमधून धाकूंचा आवाज निघाला आणि स्वतः धाकू पुढे उभे, हात जोडून, ओठ हलवत. प्रत्येक मागण्यानंतर आवाज थांबे आणि सगळी बिल्डिंग गरजे, “व्हय म्हाराजा!”

शेवटचं मागणं संपलं आणि स्पीकरमधून विमला कडाडली, “पुरे झाला आता! नारळ काय गणपती येऊन खवतलो?”

“व्हय म्हाराजा!” सगळे एका सुरात ओरडले.

विमलाने पदरात तोंड लपवलं. “रुचिरा, तू थांबच!”

धाकू घसा धरून, आवाज न करता, गदागदा हसत होते.