मागची रांग

माझे यजमान जाऊन चार महिने झाले होते, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून एक कागद पुढे केला. संगीतशिक्षकांसाठी मे महिन्यात दहा दिवसांचं प्रशिक्षण, आमच्याच शहरातल्या हिमायतनगर भागातल्या एका शाळेत, सकाळी नऊ ते दुपारी चार. "जाऊन या," त्या म्हणाल्या. "घरी बसून तरी काय करणार? तेवढंच मन रमेल." मी हो म्हटलं. त्या दिवसांत कुणी काही सुचवलं की हो म्हणणं सगळ्यात सोपं वाटायचं.

अशा प्रशिक्षणांबद्दल आम्हा गाणं शिकवणाऱ्यांचं मत फारसं चांगलं नसतं. शाळेला आमची आठवण होते ती कार्यक्रम आला की. कार्यक्रम संपला की आमचा तास गणिताच्या बाईंना पोर्शन पुरा करायला दिला जातो. त्यामुळे सुट्टीतले दहा दिवस, कूलरचा घरघराट, जेवणाच्या सुट्टीत ताक आणि शेवटी प्रमाणपत्र, एवढीच अपेक्षा ठेवून मी गेले. हॉलमध्ये तीसेक जण होते. बरेचसे कर्नाटक संगीतातले, मोबाइलवर श्रुती, म्हणजे तंबोऱ्यासारखा आधारसूर, लावून बसलेले. काही जणांनी कीबोर्ड आणले होते. माझ्यासारखे पेटीवाले चार-पाच. शिकवायला आलेली मुलगी माझ्या निम्म्या वयाची असावी. ती हिंदीत सुरुवात करायची, इंग्रजीत शिरायची आणि कुणी गोंधळलं की तेलुगूत समजावून सांगायची. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "ज्या मुलांना सूर लागत नाही, त्यांचं तुम्ही काय करता?"

मग मागून कुणीतरी हसलं आणि सगळा हॉल हसायला लागला.

"आमच्याकडे म्यूट बॅच म्हणतात त्यांना," एक कीबोर्डवाले सर म्हणाले.

"आम्ही हातात झेंडे देतो," दुसऱ्या बाई म्हणाल्या. "हात गुंतले की तोंड आपोआप बंद."

मीही हसत होते. "आमच्या शाळेत मागची रांग असते," मी सांगितलं.

मागची रांग माझीच. ऑगस्टमध्ये शाळाशाळांच्या समूहगीताच्या स्पर्धा असतात. रंगमंच भरलेला दिसायला चाळीस मुलं लागतात आणि चाळीस सुरेल मुलं कुठल्याच शाळेत नसतात. पंचवीस गातात. बाकीची पंधरा मागे उभी राहतात, इस्त्रीचे कपडे घालून, केसात गजरा माळून, आणि फक्त ओठ हलवतात. ते शिकवावं लागतं. शब्द पाठ हवेत, तोंड योग्य जागी उघडायला हवं, मान हलायला हवी, आवाज मात्र नको. मी कधी कुणावर ओरडले नाही. गालाला हात लावून म्हणायची, "तू ओठ हलव हं, बेटा." समोरून बघणाऱ्याला काही कळत नसे. शाळेच्या कपाटात माझ्या मुलांनी आणलेले बरेच कप आहेत.

मार्चमध्ये सातवीतल्या एका मुलीची आई मला भेटायला आली होती. मुलगी दोन वर्षं माझ्या मागच्या रांगेत होती. आई म्हणाली, "मॅडम, पहले घर में बहोत गाती थी. अब नहीं गाती. पूछे तो बोलती, मेरी आवाज पीछे की है." मी तिला बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं की प्रत्येक मुलाचा कल वेगळा असतो, हिला चित्रकलेत घाला. त्या माउलीने माझे आभार मानले.

हॉलमधलं हसू थांबल्यावर ती शिकवणारी मुलगी रागावली नाही. फळ्याकडे वळून म्हणाली, "उद्या एक काम करू."

तिसऱ्या दिवशी जोड्या लावल्या. एकाने डोळे मिटून, ओठ बंद ठेवून जो येईल तो सूर धरायचा. दुसऱ्याने तो पेटीवर शोधायचा. "आपला सूर द्यायचा नाही," तिने बजावलं. "समोरच्याचा ऐकायचा." माझ्या वाट्याला अफझलगंजच्या पलीकडच्या एका शाळेतले मास्टरसाब आले. मेंदी लावलेली दाढी, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं, आवाज विहिरीतून आल्यासारखा. बसता बसताच म्हणाले, "मॅडम, आप काली चार के लोगां, हम काली एक के लोगां. हमारे कू उप्पर नक्को खींचो."

त्यांनी डोळे मिटले आणि सूर धरला. माझं बोट सवयीने काळी चारवर, पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर गेलं. तो माझा षड्ज, माझा सा. मी त्याच पट्टीत शिकले, त्याच पट्टीत शिकवलं. भाता हलवत मी वाट बघत राहिले, की मास्टरसाब आता वर येतील. ते आले नाहीत. डोळे मिटून आपल्या सुरावर ठाम बसून राहिले. मला ते बेसूर वाटायला लागले.

ती मुलगी फिरत फिरत आमच्यापाशी आली. तिने माझं बोट उचललं आणि काळी एकवर ठेवलं. पेटी आणि त्यांचा आवाज असे मिसळले की पेटी वाजते आहे की नाही कळेना. मग तिने दुसऱ्या हाताने माझी काळी चारही दाबली.

"ऐका," ती म्हणाली. "यांचा सा धरला, तर तुमचा सूर त्यांचा प आहे. यात भांडण कुठे आहे?"

ते दोन सूर एकत्र मी आधी ऐकले होते. कुठे, ते आठवायला मला क्षणभरही लागला नाही.

लग्नानंतरचा पहिला गणपती. मी नांदेडहून आले होते, विशारद झालेली, माहेरून पेटी घेऊन. सासरचं घर मूळचं शेतकऱ्यांचं, पण निजामाच्या काळातच जमीन भावकीवर सोपवून इथे आलेलं. आरतीला पंधरा-वीस माणसं होती. नवी सून पेटी वाजवणार म्हणून सगळे सरसावून बसलेले. यजमान माझ्या शेजारी उभे राहून मनापासून गात होते, खाली, जाड आवाजात, सगळ्यांपासून वेगळे. पहिलं कडवं संपलं तशी मी पेटी थांबवली आणि म्हणाले, "अहो, तुम्ही टाळ्या वाजवा. गाण्याचं आम्ही बघतो."

सगळे हसले. त्यांची मावशी म्हणाली, "घे रे बाबा, घरात मास्तरीण आली. आता बस गप."

सगळ्यात जास्त तेच हसले. "हौ, बरोबर आहे तिचं," म्हणाले. "माझ्या आवाजानं बाप्पा उठून जायचे."

आणि टाळ्या वाजवायला लागले. पुढे सव्वीस वर्षं त्यांनी टाळ्याच वाजवल्या. एकदाही ठेका चुकला नाही. कुणी पाहुणे आले की मीच कौतुकाने सांगायची, यांचा ताल पक्का आहे, सुराचं मात्र विचारू नका. ती घरातली ठरलेली गंमत होऊन बसली. मुलगाही तेच म्हणत मोठा झाला.

रविवारी आम्ही दोघं स्कूटरवरून अफझलगंजच्या लायब्ररीत जायचो. मराठी पुस्तकांची कपाटं कोपऱ्यात होती आणि तिथे बहुधा आम्ही दोघंच असायचो. येताना पुस्तकं माझ्या मांडीवर. वाऱ्यात ते काहीतरी गुणगुणायचे. ते मला कानाने कमी आणि त्यांच्या पाठीतून जास्त ऐकू यायचं. सिग्नलला स्कूटर थांबली की गुणगुणणंही थांबायचं. मला वाटायचं, आजूबाजूच्या लोकांना लाजतात.

मास्टरसाबांनी डोळे उघडले. "क्या हुआ मॅडम?"

"कुछ नहीं," मी म्हणाले. "कूलर की हवा लगती है आँखों को."

त्यांनी उठून माझी खुर्ची कूलरच्या झोतातून बाजूला ओढली.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी गोल करून बसायचं होतं. प्रत्येकाने आपण गप्प केलेल्या एका तरी माणसाबद्दल बोलायचं, असं तिने आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. नाव सांगू नका, पण खरं सांगा, एवढीच अट. त्या सकाळी बसमध्ये मी वाक्यं जुळवली होती. यजमानांबद्दल बोलणं जमणार नव्हतं, हे मला कळत होतं. पण सातवीतल्या मुलीबद्दल बोलायचं, तिच्या आईला काय सांगितलं तेही सांगायचं, असं पक्कं केलं होतं. ती मुलगी जून उजाडला की पुन्हा माझ्याच वर्गात येणार होती. निदान चारचौघांत एकदा बोलून टाकलं, की मग मला मागे फिरता येणार नाही, असा माझा हिशेब होता.

झेंडे देणाऱ्या बाई बोलल्या आणि बोलता बोलता रडल्या. मास्टरसाब म्हणाले, "मैं तो खुद पीछे की लाइन में था, फिर उस्ताद मिल गए." मग माझी पाळी आली. त्या शाळेच्या प्राचार्या येऊन बसल्या होत्या. कुणीतरी मोबाइलवर चित्रीकरण करत होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्याच स्वच्छ, शिकवण्याच्या आवाजात म्हणाले की आमच्या शाळेत एका मुलीला मागच्या रांगेत टाकलं होतं. मी तिचा सूर शोधला, तिला जवळ बसवून शिकवलं, आता ती पुढच्या रांगेत गाते.

कुणी टाकलं होतं, ते मी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

टाळ्या झाल्या. शिकवणाऱ्या मुलीचे डोळे भरून आले. तिने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "पुढच्या तुकडीला हे सांगू का?" मी मान हलवली. मास्टरसाब म्हणाले, "माशाल्ला, मॅडम." त्यांच्याकडे मला बघवलं नाही. आमच्या सगळ्यांचा एक मोबाइलचा ग्रुप झाला आहे, त्यात तिचा नंबर आहे. तिला खरं काय ते कळवायचं म्हणून मी चार वेळा मजकूर लिहिला आहे आणि चारही वेळा पुसला आहे.

घरी आल्यावर प्रमाणपत्र फाइलमध्ये ठेवलं. चहा केला. मग मोबाइलमधले यजमानांचे जुने आवाजी निरोप काढले. ते टाइप करायचा कंटाळा करत. आबिड्सच्या ऑफिसातून निघाले की बोलूनच पाठवायचे. बहुतेक भाजीचे. एकात म्हणतात, "अगं, गवार काही बरी नाही दिसत. भेंडी घेतो. कढीपत्ता आहे का घरी? नसला तर लौकर सांग." पुढे बटणावरचा अंगठा उचलायचा राहिला आहे. रिक्षाचा हॉर्न, कुणाची तरी हाक, आणि त्यामागे त्यांचं गुणगुणणं. जेमतेम एक ओळ. तो निरोप मी पूर्वी कढीपत्त्यापर्यंतच ऐकला होता.

ते गेल्यावर पहिल्यांदाच घरातली पेटी उघडली. शोधावं लागलंच नाही. काळी एक. ती एक ओळ मी कितीतरी वेळा लावली, चूक सापडते का ते बघायला. सापडली असती तर बरं वाटलं असतं. सूर कुठेही हलला नव्हता. बाजारातल्या गर्दीत, पिशवी हातात घेऊन, मी जवळ नसताना, ते नीट गात होते.

तो माणूस आता माझ्या पेटीशेजारी उभा राहणार नाही. पण सातवीतली ती मुलगी होती.

जूनमध्ये शाळा उघडली. ती आता आठवीत आली होती, सुट्टीत उंच झाली होती. संगीताच्या तासाला मुलं आत आली आणि कुठेही बसली. स्पर्धेला दोन महिने होते, रांगा लावल्याच नव्हत्या. ती मात्र सरळ मागे भिंतीला टेकून बसली. मी तिला पुढे बोलावलं, पेटीजवळ बसवलं. गायचं नाही, फक्त ओठ मिटून सूर धर, असं सांगितलं.

तिने डोळे मिटले. ओठ मिटले. हनुवटी किंचित वर केली, श्वास घेतला, मान जरा हलवली. सगळं बरोबर होतं. आवाज नव्हता.

"आवाज काढ, बेटा," मी म्हणाले.

तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, मग वर्गाकडे. "आवाज के साथ, मॅडम?"

"हो. आवाज के साथ."

मागे दोघीतिघी फिसकन हसल्या. मी त्यांना गप्प केलं. ती पुन्हा सुरू झाली आणि या वेळी काहीतरी आलं, घशाच्या आत अडकलेलं, येऊन लगेच विरणारं. मी काळी चारवरून बोट काढलं. पांढरी तीन, काळी दोन, पांढरी दोन असं हळूहळू खाली जात राहिले. कुठे जवळ आल्यासारखं वाटायचं, तेवढ्यात ती थांबायची आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायची. शेवटी मी भाता बंद केला आणि नुसतं ऐकत बसले. कूलर नव्हता, पंखा होता. त्या आवाजात तिचा आवाज होता की नव्हता, मला सांगता येणार नाही.

घंटा झाली. मुलं उठली. त्या मुलीला मे महिन्यापासून मी माझ्या खोट्या गोष्टीत पुढच्या रांगेत गायला लावून ठेवलं होतं, तीस माणसांसमोर, आणि ती इथे माझ्यासमोर दप्तर उचलत होती. तिची माफी मागावी असं मनात आलं.

"उद्या मधल्या सुट्टीत येशील?" मी विचारलं. "एकटीच. कुणी हसणार नाही."

ती हो म्हणाली. ओठ हलले, आवाज आला नाही.