आतोबांच्या शेजारची जागा

मोटारींविषयी माझ्या आत्याच्या यजमानांना जे ठाऊक नाही ते जगात कोणालाच ठाऊक नसणार, असं मी कोणापुढेही शपथेवर सांगेन. फक्त ज्या मोटारीविषयी ते बोलत आहेत ती त्यांनी पाहिलेली असेलच असं नाही. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. ठाण्याला कोपरीत, आमच्यापासून चार घरं टाकून ते राहतात. आठवडाभर मुंबईच्या एका कचेरीत मान खाली घालून काम करायचं आणि शनिवारी रद्दीच्या दुकानातून इंग्रजी मोटारमासिकं घेऊन आमच्याकडे यायचं, हा त्यांचा क्रम. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून ती वाचून अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं. चारचौघांत बोलायचा मला फार संकोच; वाचायला मात्र हरकत नसे, कारण त्यात आपलं असं काही बोलावं लागत नाही. मी वाचायची आणि आतोबा आरामखुर्चीत डोळे मिटून, डाव्या हातात छत्रीची मूठ धरून गिअर बदलायचे. इटलीतल्या कुठल्याशा डोंगरातलं वळण आलं की सगळं अंग एका बाजूला झुकवायचे. एकदा खुर्चीच कलंडली. आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून धावत आली, तर जमिनीवर पडल्यापडल्याच म्हणाले, "वहिनी, गाडी उत्तम आहे. वळणावर जरा हट्टी, एवढंच."

एखाद्या वाहनातून उतरल्यावर त्याचा स्वभाव सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि वाहन कशाला म्हणायचं याबाबतीत ते फार उदार आहेत. टांगा, हातगाडी, पाळणा, न्हाव्याची फिरती खुर्ची, सगळ्यांना ते सारख्याच गांभीर्याने बसून पाहतात. माझ्या भावाच्या लग्नात वरातीचा घोडा दाराशी थांबला, तेव्हा लोक नवरदेवाला उतरवून घेत होते आणि आतोबा वाकून घोड्याचे मागचे पाय बघत होते. "चालीला गोड आहे," ते घोडेवाल्याला म्हणाले, "पण ब्रेक उशिरा लागतो." एकदा कळव्याच्या खाडीत ते कोळ्यांच्या होडीतून गेले आणि हिला मागच्या बाजूला वजन कमी पडतं, असं त्यांनी वल्हं मारणाऱ्या म्हातारीला समजावून सांगितलं. म्हातारीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मंग तूच जाऊन बस की मागं," ती म्हणाली, "आन गप बस!" आतोबा मागे जाऊन बसले. गप मात्र बसले नाहीत.

स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला एक गोरा इंजिनिअर विलायतेला परत निघाला, आणि त्याची मोटार आतोबांच्या दारात येऊन उभी राहिली. काळपट हिरवी, लांबलचक नाकाची, जमिनीला टेकलेली. छप्पर नाही, दारं गुडघ्याएवढी, आणि बसायला पुढे दोन जागा. बस. माझ्या वडिलांनी गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "अहो, बाकीची गाडी कुठाय?" आतोबा रागावले नाहीत. ही शर्यतीच्या जातीची आहे, ते म्हणाले, आणि शर्यतीत पाहुणे घेऊन जात नाहीत.

पण ती त्यांनी शर्यतीसाठी घेतलीच नव्हती. का घेतली ते त्यांनी मला एकदा सांगितलं, इकडेतिकडे बघत, जणू काही गुन्हाच केला होता. लग्न झालं तेव्हा घरात माणसं वीस. आत्याचे सासूसासरे, दीर, त्यांची मुलं. कुठे जायचं तर पुरुष पुढे आणि बायका मागे. "लग्नात पाटावर बसलो ना बेबी, तेवढंच शेजारी," ते म्हणाले. आता घरात ती दोघंच उरली होती. आत्याला शेजारी बसवून लांब कुठेतरी जायचं, नाशिकला, म्हैसूरला, रस्ता नेईल तिथे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

आत्याच्या मनात ते अजिबात नव्हतं.

"डोक्यावर छप्पर नाही, आणि तुम्हाला खेटून अख्ख्या ठाण्यासमोरून जाऊ? वरातीत बसायचं वय आहे का माझं?"

"अगं, विलायतेत सगळे बसतात."

"तिथे शेजारपाजारचे म्हातारे ओटीवर बसलेले नसतात. मी मागे बसेन."

"मागे जागा नाही गं."

"मग अशी घ्यावी कशाला माणसाने?"

तेव्हापासून कुठेही जायचं झालं की आत्या आगगाडीने जायची आणि आतोबा मोटारीने. त्यांच्या शेजारची जागा माझ्याकडे आली. मी बोलत नाही, हा माझ्यातला गुण आतोबांइतका दुसऱ्या कोणाला सापडलेला नाही. "ऐकलास आवाज? तिसऱ्यात कशी गुणगुणते बघ," ते म्हणायचे, आणि मी म्हणायची, "हं." यावरून त्यांनी सगळ्या नातेवाइकांत सांगून टाकलं की बेबीला मोटारीतलं खरं कळतं, ती उगाच मत देत नाही.

कळव्याचा पूल ओलांडला की त्यांच्या हिशेबी लांबचा प्रवास सुरू होत असे. त्याची तयारी आदल्या दिवसापासून. कान झाकणारी कातडी टोपी, मोठा चष्मा, दोरखंड, कंदील, पाण्याची किरमिचाची पिशवी, आणि वाटेत उपासमार नको म्हणून डबाभर दडपे पोहे. मग आम्ही मुंब्र्याला जाऊन परत यायचो. आतोबा स्टिअरिंगच्या चाकावर ओणवे होऊन दात आवळून गाडी हाणत. पण रस्त्यात झोपलेली कुत्री उठत नसत, फक्त एक डोळा उघडून बघत. सायकलवरून पुढे गेलेल्या माणसांविषयी आम्ही बोलत नसू. घरी आल्यावर आतोबा आत्याला सगळं सांगत, खडीचा रस्ता गाडीने कसा घेतला, चढावर तिचा श्वास कसा बदलला, आणि शेवटी दर वेळी विचारत, "पुढच्या रविवारी येतेस?" आत्या तांदूळ निवडता निवडता म्हणे, "छप्पर बसवा, मग बघू." छप्पर बसवणं आतोबांना मान्य नव्हतं. ते म्हणत, मग ती मोटार राहणार नाही, पेटी होईल.

असं बरंच चाललं असतं. पण आत्याच्या बहिणीने ठाकुर्लीला घर बांधलं आणि आम्हाला वास्तुशांतीचं बोलावणं आलं. आत्या सकाळच्या गाडीने पुढे गेली. आम्ही शीळमार्गे निघालो. शीळ ओलांडून थोडं पुढे गेलो असू, दोन्ही बाजूंना नुसती शेतं, आणि मोटार एकदा खोकून थांबली. आतोबांनी नाकाडावरचं झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ प्रेमाने बोलत राहिले. मोटारीने ऐकलं नाही. आम्ही दडपे पोहे खाल्ले. ऊन वर आलं, मग उतरायला लागलं.

शेवटी समोरून एक टांगा आला, आणि त्यातून जेवणाचा डबा घेऊन आत्या उतरली.

"पंगती उठल्या," ती म्हणाली. "सगळे विचारतायत, जावई कुठायत. संध्याकाळी हळदीकुंकू आहे, मला तिथे असायला हवं. काय झालंय हिला?"

"ढकलली की सुरू होईल," आतोबा म्हणाले.

टांगेवाला भोवती फिरून आला. "साहेब, घोडा जोडू का पुढं?"

"या गाडीत अठरा घोड्यांची ताकद आहे!"

"मग बिघडलं कुठं? माझा एकोणिसावा."

आतोबांनी ते ऐकलंच नाही. ते चाकाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "तुम्ही तिघं ढकला." आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी? पदर खोचून, भर रस्त्यात, तुमची गाडी ढकलू? लोक काय म्हणतील? उठा. मी बसते आत, तुम्ही ढकला."

शेजारी बसायला जी लाजत होती, तिला चाकाशी बसायला काहीच वाटलं नाही, कारण ते काम होतं. ती पाटावर बसावी तशी नीट पदर सारखा करून बसली. आतोबांनी तिला समजावलं. "डाव्या पायाखालचं दाबून धर. मी 'सोड' म्हटलं की सोड."

"आणि मग?"

"मग गाडी सुरू होईल."

"आणि मग?"

त्याच्यापुढचा विचार आतोबांनी केलेला नव्हता.

आम्ही तिघांनी ढकललं. आतोबा ओरडले, "सोड!" मोटारीने एक हिसका दिला, आम्ही तिघे रस्त्यावर पडता पडता वाचलो, आणि मान वर करून बघतो तो आत्या एकटी निघाली होती. "साहेब, ती तर गेली!" टांगेवाला म्हणाला. आतोबा "पाय! पाय! दोन्ही पाय!" असं ओरडत मागे धावले. शेतातली माणसं कमरेतून सरळ होऊन बघायला लागली. आत्याचा पदर मागे निशाणासारखा फडफडत होता. कुठून तरी तिला भोंगा सापडला, आणि तो ती न थांबता वाजवत होती. पुढे एक चढ लागला तिथे तिने दोन्ही पायांनी पायाखाली येईल ते दाबलं असावं, कारण मोटार थांबली, आणि इंजिन चालूच राहिलं.

आम्ही पोचलो तेव्हा आतोबांना धाप लागली होती. त्यांनी वाकून हाताचा ब्रेक ओढला, आणि आत्याकडे बघितलं. तिचा अंबाडा सुटला होता.

"लागलं का गं कुठे?"

आत्या समोरच्या रस्त्याकडे बघत होती. "वारा किती लागतो हो यात!" ती म्हणाली. "इतके दिवस बोलला नाहीत ते."

"इतके दिवस तेच तर सांगतोय!"

ती उतरली. मला वाटलं, टांग्याकडे निघाली. पण ती मोटारीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आली, दार उघडलं आणि माझ्या जागेवर बसली. माझा रुमाल तिथे राहिला होता, तो घडी करून माझ्या हातात दिला. "बेबी, तू टांग्यातून ये हं."

मी टांग्यातून निघाले. पुढे मोटार, त्यात दोन डोकी, एकावर कातडी टोपी. जिथे ठाकुर्लीचा रस्ता फुटतो तिथे मोटार थांबली. आतोबांनी आत्याकडे बघितलं. आत्याचा हात बाहेर आला आणि त्याने सरळ दाखवलं, कल्याणकडे. मोटार सरळ गेली. टांगेवाला म्हणाला, "ताई, हाक मारू?" मी नको म्हटलं.

ठाकुर्लीला अंगणात बायका जमल्या होत्या. "आत्या कुठाय?" सगळ्यांनी एकदम विचारलं. इतक्या लोकांसमोर मी कधी बोलले नव्हते. "आतोबांबरोबर फिरायला गेली," मी म्हणाले, आणि कोणाचाच विश्वास बसेना.

दिवे लागल्यावर दोघं आली, धुळीने माखलेली. कुठे गेला होतात ते आत्याने सांगितलं नाही. आतोबा कोपऱ्यात बसून जेवले, आणि गाडी कशी चालली याविषयी एक शब्दही बोलले नाहीत.

आता ती दोघं नाशिकला जाऊन आली आहेत, महाबळेश्वरलाही. सकाळी निघताना आमच्या दाराशी भोंगा वाजतो, तो आत्या वाजवते. मी खिडकीशी येते, ती हात हलवते, मोटार वळणाआड जाते. मी त्या मोटारीत पुन्हा कधी बसले नाही. जागाच नसते.